सिंगापूर–न्यूयॉर्क : दोन ओळींचं रसग्रहण

एसक्यू २४ : सिंगापूर ०२.२५ – न्यूयॉर्क ०७.३०
एसक्यू २३ : न्यूयॉर्क २२.३० – सिंगापूर ०६.१० (+२)

सिंगापूर एअरलाइन्सने नोव्हेंबर २०२० मध्ये चांगी विमानतळ ते न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ अशी थेट सेवा सुरू केली, तेव्हाच्या वेळापत्रकातल्या या दोन ओळी आहेत. दोन विमानतळांमधलं अंतर १५,३४९ किलोमीटर. जगातली सर्वांत लांब नियमित विमानसेवा म्हणून तिची बातमी झाली आणि विक्रमाच्या बातम्यांसारखीच ती विसरलीही गेली. मला त्या विक्रमापेक्षा या दोन ओळींचं कौतुक जास्त आहे. इतक्या थोड्या आकड्यांत इतकं भरून ठेवलेलं लेखन क्वचित सापडतं, आणि ते सावकाश, एकेक आकडा हातात घेऊन वाचायला हवं.

पहिली ओळ घ्या. मध्यरात्र उलटून गेल्यावर दोन वाजून पंचवीस मिनिटांनी निघायचं आणि सकाळी साडेसातला पोचायचं. तारीख तीच. नुसत्या घड्याळावर विश्वास ठेवला तर पाच तास पाच मिनिटांत माणूस सिंगापूरहून न्यूयॉर्कला पोचतो. दुसऱ्या ओळीत रात्री साडेदहाला निघालेला माणूस परवाच्या सकाळी सहा-दहाला उतरतो. कंसातलं ते (+२) म्हणजे हेच, मधला एक अख्खा वार आकाशात गेला. घड्याळाच्या हिशेबाने हा परतीचा प्रवास ३१ तास ४० मिनिटांचा. शहरं तीच, विमान त्याच जातीचं, आणि जायला पाच तास तर यायला साडेएकतीस!

आता दोन्ही ओळींची बेरीज करा. ५ तास ५ मिनिटं आणि ३१ तास ४० मिनिटं मिळून होतात ३६ तास ४५ मिनिटं. हिवाळ्यात न्यूयॉर्क सिंगापूरच्या १३ तास मागे असतं. तेवढे तेरा तास पहिल्या ओळीत मिळवले आणि दुसरीतून काढले की खरी प्रवासाची वेळ उरते : जाताना १८ तास ५ मिनिटं, येताना १८ तास ४० मिनिटं. त्यांची बेरीजही ३६ तास ४५ मिनिटंच. जाताना उसने मिळालेले तेरा तास येताना पै न् पै परत द्यावे लागतात. एक ओळ वाचून जो गोंधळ होतो तो दुसरी ओळ शेजारी ठेवल्यावर सुटतो, म्हणून या ओळी जोडीनेच वाचायच्या. उन्हाळ्यात अमेरिकेची घड्याळं तासभर पुढे सरकतात आणि फरक नेमका बारा तासांचा होतो. मग काट्यांचं घड्याळ घालणाऱ्या प्रवाशाला न्यूयॉर्कला उतरून काटे हलवावेच लागत नाहीत. दिवसाची रात्र झालेली असते, तबकडीवर मात्र काहीच बदललेलं नसतं.

त्या पहिल्या ओळीत अजून एक गंमत दडलेली आहे. विमान पॅसिफिकच्या वाटेने गेलं, आणि जाताना ते बहुधा त्याच वाटेने जातं, तर ९ नोव्हेंबरच्या पहाटे अडीचला निघालेल्या प्रवाशाला फिलिपिन्सच्या पलीकडे कुठेतरी ९ तारखेचा सूर्योदय दिसतो. पुढे आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली की तारीख मागे जाऊन ८ होते. उत्तर पॅसिफिकवर ८ तारखेचा सूर्य मावळतो, अलास्का-कॅनडाच्या अंगाने रात्र सरते, आणि उतरण्याच्या सुमारास न्यूयॉर्कच्या आकाशात पुन्हा ९ तारीख उजाडते. एका तारखेच्या दोन पहाटा आणि त्यांच्या मधे आदल्या दिवसाची संध्याकाळ! वेळापत्रकात यातलं काहीही लिहिलेलं नाही. ०२.२५ आणि ०७.३० एवढंच लिहिलं आहे.

इथवर वेळेचं झालं. अंतराचा आकडा, १५,३४९, वेळेइतका चंचल नाही. तो विमान उडो न उडो तसाच राहणार, कारण तो पृथ्वीच्या आकाराने ठरवलेला आहे. पण त्याचं मर्म भिंतीवरच्या नकाशात कळत नाही. १५६९ मध्ये मर्केटरने जो नकाशा काढला तो जहाजाची दिशा धरायला सोयीचा होता. त्यात ध्रुवाकडचे प्रदेश ताणले जातात आणि खरा जवळचा रस्ता वाकडा दिसतो. शाळेतला पृथ्वीगोल काढा. दोऱ्याचं एक टोक सिंगापूरवर, दुसरं न्यूयॉर्कवर ठेवा आणि दोरा ताणा. तो पॅसिफिकवरून जात नाही, युरोपवरूनही जात नाही. तो सरळ वर चढतो : थायलंडचं आखात, लाओस, चीन, मंगोलिया, सैबेरिया. उत्तर ध्रुवाला तो तीनशे किलोमीटरांच्या आत घासून जातो आणि मग पलीकडच्या बाजूने कॅनडावरून न्यूयॉर्कला खाली उतरतो.

कारण साधं आहे आणि मला ते फार देखणं वाटतं. सिंगापूर १०४ अंश पूर्व रेखांशावर आहे, न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिम रेखांशाच्या जवळ. दोन्ही मिळून होतात १७८. म्हणजे दोन अंश कमी पडले म्हणून, नाहीतर ही दोन शहरं ध्रुवाच्या बरोबर समोरासमोर आली असती. एक विषुववृत्ताला टेकलेलं, दुसरं थंडीने गारठणारं, आणि दोघांच्या मधोमध पृथ्वीचा माथा. असं असल्यामुळे अंतर बोटांवर काढता येतं. सिंगापूरपासून ध्रुव साधारण ८८.६ अंश, ध्रुवापासून न्यूयॉर्क ४९.४ अंश, एकूण १३८. एका अंशाला १११.२ किलोमीटर धरले की उत्तर येतं १५,३४५ च्या आसपास. अचूक आकड्यापेक्षा चार-पाच किलोमीटरांचाच फरक! दोन दूरच्या विमानतळांमधलं अंतर असं तोंडी हिशेबात सापडण्याची उदाहरणं फार नाहीत. एरवी त्यासाठी गोलावरची त्रिकोणमिती लागते, बृहद्वृत्ताचं सूत्र लागतं. इथे भूगोलाने स्वतःहून गणित सोपं करून ठेवलं आहे.

याच हिशेबाने आणखी एक कोडं सुटतं. याआधी ही कंपनी न्यूयॉर्कच्या शेजारच्या नेवार्कला थेट जायची आणि ते अंतर होतं १५,३४४ किलोमीटर. जेएफके आणि नेवार्क एकमेकांपासून तीसेक किलोमीटरांवर आहेत. मग अंतरात फरक फक्त ५ किलोमीटरांचा कसा? कारण रेषा उत्तरेकडून खाली येते आणि हे दोन विमानतळ एकमेकांच्या पूर्व-पश्चिमेला आहेत. ध्रुवापासून मोजलं तर जेएफके नेवार्कपेक्षा जेमतेम सहा किलोमीटर खाली आहे. उरलेलं अंतर आडवं पडतं आणि या हिशेबात जवळजवळ मोजलंच जात नाही. ‘जगातली सर्वांत लांब विमानसेवा’ हा किताब नेवार्ककडून जेएफकेकडे गेला तो या पाच किलोमीटरांच्या जोरावर. विक्रमाला माझ्या लेखी फारशी किंमत नाही ती यामुळे. त्या पाच किलोमीटरांमागचा भूगोल मात्र लाखमोलाचा.

आणि तरी विमान या दोऱ्यावरून जात नाही.

ऑक्टोबर २०१८ मध्ये नेवार्कची सेवा नव्याने सुरू झाली तेव्हा कंपनीनेच अंतर सांगितलं होतं सुमारे १६,७०० किलोमीटर आणि वेळ १८ तास ४५ मिनिटांपर्यंत. दोऱ्याचं अंतर १५,३४४ आणि विमानाचं १६,७००! साडेतेराशे किलोमीटर जास्त, म्हणजे मुंबईहून दिल्लीला जाऊन वर थोडं. दोऱ्याच्या अंतराला वेळेने भागलं तर ताशी ८१८ किलोमीटर येतात आणि विमान रेंगाळत गेलं असं वाटतं. खऱ्या वाटेच्या अंतराला भागलं तर ८९० येतात, आणि तो या जातीच्या विमानाचा रोजचा वेग आहे. दोन शहरांमधलं अंतर घ्यायचं, सरासरी वेगाने भागायचं आणि आलेल्या उत्तराला प्रवासाची वेळ म्हणायचं, ही सवय मला म्हणूनच पटत नाही. त्या भागाकारात हिशेब चुकत नाही, पण वारा राहून जातो.

वाऱ्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे, वाऱ्याचे अरुंद आणि अतिवेगवान पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. जपानवर हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी तीनशे किलोमीटरांच्याही पुढे जातो. हे वारे पहिल्यांदा नीट मोजले ते वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने. १९२० च्या दशकात, तातेनो इथल्या वेधशाळेत, तो आकाशात फुगे सोडायचा आणि दुर्बिणीतून त्यांचा माग काढायचा. फुगे वर गेले की पूर्वेकडे खेचले जात आणि भलत्याच वेगाने दिसेनासे होत. आपलं काम जगाने वाचावं म्हणून त्याने १९२६ चा अहवाल एस्पेरांतो या जागतिक म्हणून घडवलेल्या भाषेत लिहिला. जगाने तो वाचला नाही. १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ बॉम्बर विमानं जपानवर उंचावरून आली तेव्हा त्या वैमानिकांना हा वारा अंगावर घेऊनच कळला. त्याच सुमारास जपानने याच वाऱ्यावर बॉम्ब बांधलेले सुमारे ९,००० फुगे अमेरिकेच्या दिशेने सोडले, आणि त्यातले काही पॅसिफिक ओलांडून खरोखर पोचले.

आज त्याच वाऱ्यावर एसक्यू २४ स्वार होतं. सिंगापूरहून निघून जपानच्या पूर्वेकडून पॅसिफिकवर वळायचं, वारा पाठीशी घ्यायचा आणि साडेतेराशे किलोमीटरांचा वळसा आनंदाने पत्करायचा. येताना? येतानाही वारा पश्चिमेकडूनच पूर्वेकडे वाहत असतो. मग विमान बहुधा आल्या वाटेने फिरत नाही. ते अटलांटिकवरून, युरोपवरून, पुढे पूर्वेकडेच जात सिंगापूरला येतं. जातानाही पूर्वेला, येतानाही पूर्वेला! दोन्ही ओळी पुऱ्या झाल्या की प्रवाशाची पृथ्वीप्रदक्षिणा झालेली असते. जगातल्या बहुतेक शहरांच्या जोड्यांना हे साधत नाही. समोरासमोरच्या रेखांशावरच्या जोडीलाच साधतं, कारण तिच्यासाठी दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच लांब असतात.

भारतीय वाचकाला याचा आणखी जवळचा दाखला देता येईल. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून, वाऱ्याला तोंड देत जायचं. ती वाट साधारण १३,९०० किलोमीटरांची. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात झाली. वाट १५,३०० किलोमीटरांची झाली आणि ते साडेचौदा तासांत पोचलं, म्हणजे आधीपेक्षा कमी वेळात. चौदाशे किलोमीटर जास्त उडून लवकर! अंतर आणि वेळ हे एकाच गोष्टीचे दोन आकडे आहेत असा ज्याचा समज असेल त्याने हे उदाहरण जवळ ठेवावं.

आपण मुळात असा समज करून घेतो तो जमिनीवरच्या अनुभवामुळे. पुणं मुंबईपासून किती लांब, असं विचारलं तर कुणीही ‘तीन-साडेतीन तास’ असं उत्तर देतो, किलोमीटर सांगत नाही, आणि तेवढ्याने काम भागतं. आकाशात तसं भागत नाही, कारण तिथला रस्ताच रोज नव्याने आखला जातो. निघण्याच्या काही तास आधी वाऱ्याचा अंदाज येतो, त्यावरून त्या दिवसाची वाट ठरते, त्या वाटेवरून इंधन ठरतं. वेळापत्रकातून काढलेली १८ तास ५ मिनिटं ही हवेतली वेळ नसून सगळी वेळ असते : विमान जागेवरून हललं तेव्हापासून ते पलीकडे जागेवर लागून थांबेपर्यंत. वैमानिक तिला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंतचं रांगणं, रांगेतलं थांबणं, उतरण्याआधीची घिरटी असं सगळं तिच्यात धरलेलं असतं, शिवाय वाऱ्याच्या लहरीसाठी थोडी सूटही. जाण्या-येण्यातल्या ३५ मिनिटांच्या फरकात हे सारं येतं.

आता विमानाकडे वळू. ही वाट पहिल्यांदा जोडली गेली जून २००४ मध्ये, नेवार्कपर्यंत, एअरबस ए३४०-५०० या चार इंजिनांच्या विमानाने. त्याच्या टाक्यांत सव्वादोन लाख लिटरांच्या आसपास इंधन मावायचं. लांबच्या उड्डाणाचं दुखणं असं, की शेवटच्या तासाचं इंधन पहिल्या तासापासून वाहून न्यावं लागतं, आणि ते वाहण्यासाठी आणखी इंधन जाळावं लागतं. तेल महागलं, २००८ मध्ये विमानात फक्त १०० बिझनेस आसनं ठेवली गेली, तरी हिशेब बसेना. नोव्हेंबर २०१३ मध्ये सेवा बंद पडली. दोन ठिकाणं, अंतर, वारा सगळं जागच्या जागी होतं. ते परवडेल असं विमान नव्हतं.

ते आलं २०१८ मध्ये, ए३५०-९०० यूएलआर नावाने. दोनच इंजिनं. नेहमीच्या ए३५० मध्ये १,४१,००० लिटर इंधन मावतं, यात १,६५,०००, आणि तेही जादा टाकी न बसवता, आहे त्याच टाक्यांमधली व्यवस्था बदलून. पुढचा मालाचा कप्पा वापरातून काढला. उड्डाणाच्या वेळी जास्तीत जास्त वजन २८० टन आणि त्यातलं भरलेलं इंधन साधारण १३० टन. म्हणजे पूर्ण भरलेलं हे विमान जवळजवळ निम्मं तेलाचंच असतं. आसनं फक्त १६१ : ६७ बिझनेस, ९४ प्रीमियम इकॉनॉमी. साधी इकॉनॉमी नाहीच. चार वैमानिक पाळीपाळीने काम करतात आणि झोपतात. ए३४० पेक्षा हे विमान सुमारे साठ हजार लिटर कमी इंधन घेऊन तीच वाट पुरी करतं. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतली सर्वांत मोठी कारागिरी हीच आहे. विक्रमाच्या बातमीत तिला एक ओळ मिळाली.

जेएफकेची सेवा मात्र सुरू झाली ती या खास विमानाने नव्हे. मार्च २०२० मध्ये महामारीने नेवार्कची सेवा थांबली होती. नोव्हेंबरात कंपनीने जेएफके निवडला तो प्रवासी आणि माल दोन्ही मिळावेत म्हणून, आणि नेहमीचं ए३५०-९०० लावलं, २५३ आसनांचं, त्यात १८७ साधी इकॉनॉमी. त्या दिवसांत प्रवासी थोडे होते, भार हलका होता, म्हणून हे जमलं. सुरुवातीला दिलेल्या दोन ओळी त्या काळातल्या आहेत. जगातली कितीतरी विमानं जमिनीवर उभी असताना हे एक विमान पृथ्वीच्या दोन बाजू जोडत होतं, हे लक्षात घेऊन त्या वाचल्या तर त्यांचं वजन वाढतं.

वारा आणि इंधन यांच्याइतकीच वाट ठरवणारी तिसरी गोष्ट म्हणजे हद्दी. सैबेरियावरून जाणारी वाट शीतयुद्ध संपल्यावर हळूहळू खुली झाली आणि फेब्रुवारी २०२२ नंतर बऱ्याच कंपन्यांसाठी पुन्हा मिटली. सिंगापूर एअरलाइन्सही रशियाचं आकाश टाळू लागली. ज्या दोऱ्याच्या लांबीवरून या सेवेला किताब मिळाला तोच दोरा असा निव्वळ कागदावर उरला. तरीही मी म्हणेन की अंतराचा आकडा छापावा तो दोऱ्याचाच. वाटा बदलतात, वारे बदलतात, सरकारं बदलतात. तुलना करायला काहीतरी पक्कं हवं. वेळ मात्र छापावी ती त्या त्या हंगामाची, जातानाची वेगळी, येतानाची वेगळी. दोन्ही आकडे शेजारी असले म्हणजे वाचणाऱ्याला मधला फरक दिसतो आणि तो फरक कशाचा, हे विचारावंसं वाटतं.

असं वाचायला सिंगापूरच हवं असं नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी मुंबईहून न्यूयॉर्कला किंवा नेवार्कला ये-जा करत असतं. पुढच्या वेळी त्यांचं तिकीट हातात आलं की जाण्या-येण्याच्या वेळा काढा, वेळेचा फरक मिळवा आणि वजा करा, जाताना जास्त वेळ का लागतो ते पाहा. मग पृथ्वीगोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणा. साडेबारा हजार किलोमीटरांचा तो दोरा आधी पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि तुर्कमेनिस्तानवरून जातो, मॉस्कोला जवळजवळ स्पर्श करतो, फिनलंडचा दक्षिण किनारा आणि आइसलंड ओलांडतो, ६५ अंश उत्तरेपर्यंत चढतो आणि ग्रीनलंडच्या टोकाखालून अमेरिकेकडे उतरतो. त्या वाटेवरच्या पहिल्याच देशाने, पाकिस्तानने, २४ एप्रिल २०२५ रोजी आपली हद्द भारतीय विमानांना बंद केली, आणि दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना त्यानंतर इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावं लागलं.